साडेनऊला घरी, पावणेपाचला उठायचं: एका बँक अधिकारी बाईंच्या रक्तदाबाचं प्रकरण

वय ४४. राहायला डोंबिवली पूर्व, नोकरी फोर्टमधल्या एका बँकेच्या शाखेत, हुद्दा स्केल टू मॅनेजर, म्हणजे मधल्या फळीतला अधिकारी, काम कर्ज विभागाचं. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. वडिलांना ५८व्या वर्षी पक्षाघात झालेला. स्वतःला आजवर मोठा आजार नाही. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. इथे त्यांना ताई म्हणते, कारण दवाखान्यातही मी त्यांना तेच म्हणते.

ऑगस्टअखेरच्या एका रविवारी त्या आल्या, तेव्हा हातात शाखेतल्या आरोग्य शिबिराची चिठ्ठी होती. दुपारी चारच्या सुमाराला मोजलेलं बीपी: १५४/९८. खाली सल्ला एका ओळीचा, ‘टेन्शन कमी करा, चालायला जा.’ मी मोजलं तर १३०/८४. ताईंचा चेहरा एकदम सैलावला. ‘बघा, म्हणजे ते टेन्शनचंच होतं. त्या दिवशी रिजनल ऑफिसचे साहेब आले होते.’

इथे बहुतेक प्रकरणं संपतात. दवाखान्यातला आकडा बरा आला की माणूस निश्चिंत होऊन घरी जातो. पण रविवारी सकाळी दहा वाजता, झोप झालेली असताना, घरापासून दहा मिनिटांवर मोजलेला रक्तदाब हा त्यांच्या आठवड्यातल्या सर्वांत निवांत घटकेचा रक्तदाब होता. उरलेल्या सहा दिवसांचं काय? दवाखान्यात बीपी चढतं आणि घरी नॉर्मल असतं, अशी माणसं सगळ्यांना माहीत असतात. उलटा प्रकारही असतो: दवाखान्यात नॉर्मल, आणि रोजच्या धावपळीत वाढलेलं. हा जास्त धोक्याचा, कारण तो कुणाच्या नजरेलाच पडत नाही. दंडाला पट्टा लावायचं डिजिटल मशीन घ्या, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहा, असं सांगितलं.

मोजायची रीत सविस्तर समजावली, कारण घाईत मोजलेल्या आकड्याचा उपयोग नसतो. आधी लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या पातळीला, टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, बरा वाटेल तो एकच नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेघ धरतात, घरच्या सरासरीला ती १३५/८५ असते.

आठवड्याने वही आली. बँकेतल्या बाईंची वही ती, रकाने आखलेले, खाडाखोड नाही. सरासरी १४३/९१. कामाच्या दिवशी रात्री १४८/९४ च्या आसपास, रविवारी १३१/८३. शिबिराचा आकडा साहेबांच्या भेटीपुरता नव्हता, तो रोजचा होता.

या पानावर ताई पुन्हा म्हणाल्या, ‘म्हणजे टेन्शनच ना?’ हा प्रश्न मला रोज येतो आणि दर वेळी त्यामागे एक आशा असते, की टेन्शन आहे म्हणजे आजार नाही. रक्तवाहिनीला हा फरक कळत नाही. दाब कशामुळे वाढला याच्याशी तिला कर्तव्य नसतं. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसला की ती कडक होते, आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय वडिलांचा पक्षाघात. ‘टेन्शनचं बीपी’ म्हणून वेगळा, निरुपद्रवी असा रक्तदाब नसतो, हे त्या दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग मी त्यांना चोवीस तास कागदावर उतरवायला सांगितले. ताण किती आहे असं विचारलं की माणसं ‘खूप’ म्हणतात आणि तिथेच थांबतात. दिवस कसा जातो असं विचारलं की सगळं बाहेर येतं.

पावणेपाचला उठणं. पाणी येतं ते भरायचं, मुलाचा, नवऱ्याचा आणि स्वतःचा डबा, सासूबाईंचं दुपारचं जेवण झाकून ठेवायचं, त्यांच्या गोळ्या डबीत काढायच्या. मुलगा साडेसहाला क्लासला. आठला घर सोडायचं. फास्ट लोकल, बसायला मिळालंच तर चौथी सीट. सीएसएमटीहून शेअर टॅक्सी. पावणेदहाला शाखेत. संध्याकाळी सातला व्हीसी, म्हणजे रिजनल ऑफिसची व्हिडिओ मीटिंग, जीत शाखानिहाय वसुली विचारतात. पावणेआठला निघायचं, साडेनऊला घरी. सव्वादहाला जेवण, ओटा आवरणं, अकरा ते पावणेबारा हातात मोबाइल. मग झोप. पाच तास.

आठवड्याचे पाच दिवस दहा-दहा तास, दुसरा आणि चौथा सोडून बाकीचे शनिवार. सरासरी पंचावन्न तासांच्या घरात जाते. लोकलचे रोजचे साडेतीन तास यात धरलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अहवाल दिला होता. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असा त्याचा निष्कर्ष. ताईंना हे सांगताना घाबरवायचं नव्हतं. त्यांना वाटत होतं की आपण कमी पडतोय, इतर बायका सगळं करतातच की. प्रश्न त्यांच्या मनाच्या कणखरपणाचा नव्हता, तासांचा होता, आणि तो तासांच्याच भाषेत सोडवायला हवा होता.

तासांखेरीज आणखी एक गोष्ट कागदावरून दिसत होती. कर्जाचा हप्ता थकला की खातं आधी एसएमएच्या, म्हणजे लक्ष ठेवायच्या खात्यांच्या यादीत जातं आणि नव्वद दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज होतं. यादी रोज सकाळी ताईंच्या टेबलावर. हप्ता भरायचा की नाही हे कर्जदाराच्या हातात, टार्गेट किती ते वरच्यांच्या हातात, उत्तर मात्र सातच्या व्हीसीत ताईंनी द्यायचं. मागणी भरपूर आणि हातात अधिकार थोडा, ही जोडी शरीराला सर्वांत जड जाते, अशी मांडणी रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये केली. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९८५ पासून व्हाइटहॉल टू हा दीर्घ अभ्यास चालवला, त्यातही कामावर ताबा कमी असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळला. आपल्याकडे ‘मोठ्या साहेबाला टेन्शन’ असा समज पक्का आहे. खरा भार बहुतेक वेळा मधल्या खुर्चीवर असतो.

तपासण्यांत ईसीजी ठीक, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक, लघवीत प्रथिनं नाहीत, थायरॉइड ठीक. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ५.९: मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि हिमोग्लोबिन १०.२. बायकांमध्ये ते १२ च्या वर असायला हवं.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटला. जिना चढताना लागणारी धाप, छातीत धडधड, दुपारनंतर डोळ्यांवर येणारी झापड, हे सगळं ताई ‘स्ट्रेस’ या एका खात्यावर टाकत होत्या. खोदून विचारल्यावर कळलं की वर्षभर पाळीत अंगावरून खूप जातंय. ‘या वयात होतंच ना,’ म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफीत लहान फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघाला, शस्त्रक्रियेची गरज नव्हती, औषधांवर भागलं. लोहाची गोळी सुरू केली. शाखेत दिवसाला पाच वेळा चहा होई, त्यातला एक जेवणावर लगेच. चहा अन्नातलं आणि गोळीतलं लोह नीट शोषू देत नाही. तेव्हा गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा तिच्यापासून तासभर लांब. थकलेल्या नोकरदार बाईला ध्यानधारणा सुचवण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघावं, हे मी माझ्यापुरतं पक्कं ठरवलेलं आहे.

दुसरी गोष्ट पर्समध्ये सापडली. मान आणि डोकं दुखतं म्हणून ताई आठवड्यातून तीन-चार वेळा डायक्लोफेनॅकची गोळी घेत. औषधांची यादी विचारली तेव्हा त्यांनी ती सांगितलीच नव्हती, कारण ते ‘औषध’ नव्हतं, ते लोकलमध्ये मैत्रिणीही एकमेकींना देतात. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब वाढवतात. त्या बंद केल्या. दुखलंच तर पॅरासिटामॉल, आणि टेबलावरचा स्क्रीन दोन जाडजूड लेजरांवर ठेवून नजरेच्या पातळीला आणायचा. मानेचं दुखणं निम्म्यावर आलं ते या लेजरांनी.

मनाचीही चौकशी केली, ठरलेले प्रश्न विचारून. झोप, भूक, कशातच गोडी न वाटणं, जीव नकोसा होणं. उदासीनतेची सौम्य छटा होती, त्यापुढे काही नव्हतं. ताईंनी विचारलं, ‘मला बर्नआउट झालंय का?’ जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं, आणि तिची तीन लक्षणं सांगितली: गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. ताई गळून गेल्या होत्या. पण त्याच आठवड्यात एका खाणावळवाल्या मावशींचं कर्ज मंजूर करून दिलं, त्याबद्दल सांगताना त्यांचा आवाज उजळला होता. काम त्यांना अजून आवडत होतं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर तरीही त्यांच्या वहीत लिहून दिला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. कधी रात्री फार भरून आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

आता उपाय. पहिला प्रयत्न ताईंनी स्वतःच्या मनाने केला होता, सकाळी सहाचा ऑनलाइन योगवर्ग. त्यासाठी त्या सव्वाचारला उठू लागल्या. दोन आठवड्यांत वर्ग सुटला आणि ‘माझ्याच्याने काही होत नाही’ ही भावना मात्र उरली. योग चांगलाच आहे, पण पाच तासांच्या झोपेतून अर्धा तास कापून केलेला योग म्हणजे कर्ज फेडायला आणखी चढ्या व्याजाचं कर्ज काढणं. झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, हृदय आणि रक्तवाहिन्यांना विसावा मिळतो. झोप तोकडी झाली की हा विसावाच तोकडा होतो. म्हणून आधी झोप, बाकी सगळं नंतर.

मी म्हणाले, रात्रीचा मोबाइलचा पाऊण तास सोडा. ताईंनी ठाम नकार दिला. ‘डॉक्टर, दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो. तोही काढून घेतलात तर मी नुसती मशीन.’ त्यांचं बरोबर होतं. तो पाऊण तास वाईट सवय नव्हती, ती त्यांच्या वाट्याला आलेली एकुलती एक मोकळी जागा होती. झोप तिथून नाही, दुसरीकडून काढायला हवी होती. आणि कागदावर दुसरी जागा एकच दिसत होती: पहाटेचं पावणेपाच.

पुढच्या भेटीला नवऱ्याला बरोबर बोलावलं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि काही बोलले नाही. त्यांनी दोन-तीन पानं उलटली, मग बायकोला म्हणाले, ‘हे तू मला सांगितलं का नाहीस?’ ताई म्हणाल्या, ‘सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मार्च झाला की कमी होईल.’ त्यानंतर घरात जे ठरलं ते त्यांनी आपापसात ठरवलं. पाणी आणि गोळ्यांची डबी नवऱ्याकडे. मुलाचा डबा बंद, तो क्लासहून घरी येऊन जेवणार. भाजी रात्री मुलगा चिरून ठेवणार. पोळ्यांना सकाळी बाई लावली. सासूबाईंना पोळ्यांच्या बाईचं पटायला वेळ लागला, महिनाभर घरात धुसफुस होती. पण पावणेपाचचा गजर पावणेसहावर गेला. रोजचा एक तास झोप.

शाखेतलं बोलणं जास्त अवघड होतं. मी पत्र दिलं होतं: रक्तदाबावर उपचार चालू आहेत, जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळा सांभाळणं आवश्यक. ताईंनी ते पत्र कधीच दाखवलं नाही. स्केल थ्रीच्या बढतीची मुलाखत समोर होती आणि ‘मॅडमची तब्येत बरी नसते’ हे वाक्य फाइलशिवायही फिरतं. आजारपण लपवावं लागणं हा या नोकऱ्यांमधला एक खराखुरा ताण आहे आणि त्यावर दवाखान्यात औषध नाही. पत्राऐवजी त्या शाखाप्रमुखांकडे कामाचा प्रस्ताव घेऊन गेल्या: सातच्या व्हीसीला एक दिवस मी बसते, एक दिवस माझ्या हाताखालचा अधिकारी बसेल, त्यालाही शिकायला मिळेल. हे मान्य झालं. रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तर न देण्याची मागणी मान्य झाली नाही. तेव्हा ग्रुप म्यूट, आणि खरंच तातडीचं असेल तर फोन करा, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगून ठेवलं. फोन फारसे आले नाहीत.

खाण्यात फार उलथापालथ केली नाही. साडेपाचला टेबलाच्या खणात फुटाणे आणि एक फळ, म्हणजे रात्री सव्वादहाला भुकेने जेवणावर तुटून पडणं नको. डब्यातलं लोणचं, पापड आणि शाखेतलं वाढदिवसांचं फरसाण, वेफर्स कमी केलं; दिवसाला सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सपाट चमचाभर, असावं. सीएसएमटी ते शाखा शेअर टॅक्सी सोडून चालणं: एका वेळचे चौदा मिनिटं, जाऊन-येऊन पाच दिवसांचे १४० मिनिटं. आठवड्याला दीडशे मिनिटं चाला असं सांगतात, ती इथेच जवळपास भरली. त्यासाठी वेगळा वेळ काढायचा असता तर तो निघाला नसता.

श्वासाचा व्यायाम सुचवला, मिनिटाला सहा संथ श्वास. ताई म्हणाल्या, मी लोकलमध्ये मनातल्या मनात रामरक्षा म्हणते, ते चालेल का? संथ लयीत, श्वास लांबवत म्हटली तर उत्तम. रक्तदाबावर याचा परिणाम थोडाच असतो, पण ठाण्यानंतरच्या गर्दीत जीव शांत राहतो, आणि त्याचंही मोल आहे.

तीन महिन्यांनी, नोव्हेंबरअखेर, आठवड्याची सरासरी १३६/८७. झोप सहा तास, डोकेदुखी क्वचित. रेघ मात्र अजून ओलांडलेलीच. अवयवांना इजा नसताना आणि दाब सौम्य वाढलेला असताना इतकी वाट बघणं योग्य होतं, त्यापुढे नाही. मी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू करायचं म्हटलं तेव्हा ताईंचे डोळे भरून आले. ‘एवढं सगळं केलं, तरी गोळी? म्हणजे मी नापासच.’

या भावनेपायी कितीतरी लोक गोळी सुरू करत नाहीत, किंवा दोन महिन्यांत सोडतात. मी त्यांना वही उघडून दाखवली. वरचा आकडा सातने उतरला होता तो त्यांच्या कष्टाने. उरलेलं वडिलांकडून आलेलं असेल, वयाचं असेल. दोन्ही मिळूनच उपचार. गोळी घेतली म्हणून चालणं वाया जात नाही, आणि चालणं चालू आहे म्हणून गोळी चुकवायची नाही. त्या घरी गेल्या, विचार केला, चौथ्या दिवशी गोळी सुरू केली.

जानेवारीत सरासरी १२७/८१, हिमोग्लोबिन १२.३. जिन्यावर धाप लागत नाही हे त्यांनी आकडा कळण्याआधीच सांगितलं होतं. लोहाचा साठा भरायला गोळी आणखी तीन महिने चालू ठेवली.

मग मार्च आला. शेवटच्या पंधरवड्यात शाखेतून निघायला रात्रीचे साडेनऊ, घरी अकरा, चालणं बंद, फुटाण्यांच्या जागी वडापाव. ३१ तारखेच्या आठवड्यात सरासरी १३८/८८. ताईंचा मेसेज आला, आकडे आणि खाली ‘काय करू?’ मी गोळी वाढवली नाही. मोजत राहा, गोळी चुकवू नका, सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपा, आणि वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० गाठला, किंवा छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हातापायातली ताकद गेली तर थेट रुग्णालय गाठा, एवढंच कळवलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात १२६/८०.

कामाचे तास आता आठवड्याला एक्कावन्न-बावन्न आहेत. लोकल तीच. एचबीए१सी अजून ५.८ वर आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. दर महिन्यात एक आठवडा घरी बीपी मोजायचं, वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी. बढती मिळाली तर बदली होईल, कदाचित महाराष्ट्राबाहेर, आणि मुलाच्या प्रवेशाचं वर्षही हेच. ताईंनी मुलाखत द्यायचं ठरवलं आहे. नव्या गावी गेल्यावर पहिल्या महिन्यात चोवीस तासांचा कागद पुन्हा लिहायचा आणि मला पाठवायचा, एवढं आमचं ठरलंय.